पाचव्या खांबाखाली

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी रेल्वेच्या डब्यात संसार केला. गिरणा नदीवरचा रेल्वेचा जुना पूल दुरुस्तीला काढला होता आणि माझे यजमान त्या कामावर ओव्हरसियर होते. जळगावकडे जाताना हा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे एक लहानसं स्टेशन होतं. त्याच्या मागच्या रुळावर मालगाडीचा एक डबा उभा करून, त्याला दोन खिडक्या कापून आणि एक लाकडी शिडी लावून तो आम्हाला राहायला दिला होता. आत तरटाचा पडदा. अलीकडे माझी भांडीकुंडी, पलीकडे यांचं टेबल आणि त्यावर पुलाचे नकाशे. चूल बाहेर, रुळाच्या कडेला. मेल गेली की फळीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटत आणि पहिले काही दिवस मी धावत जाऊन ते धरत असे. पुढे त्यांच्यामध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आणि प्रश्न मिटला.

त्या काळी आम्ही नवऱ्याचं नाव घेत नसू. अजूनही जीभ वळत नाही, म्हणून इथेही मी ‘हे’ असंच लिहिणार आहे.

मी धुळ्याची. वडील तिथे शाळामास्तर होते, पण आमचं मूळ घर शिरपूरकडच्या खेड्यात. त्यामुळे घरात पुस्तकी मराठी आणि अंगणात अहिराणी अशा दोन्ही बोली मी बरोबरच शिकले. हे रत्नागिरीकडचे, शिक्षण पुण्यात झालेलं. खानदेशात येऊन यांना वर्ष होत आलं होतं, तरी मजुरांच्या गँगमधल्या माणसांचं बोलणं यांना निम्मंच कळे. एकदा मुकादम म्हणाला, ‘काम व्हई जाई.’ म्हणजे होऊन जाईल. यांना वाटलं झालंच, आणि यांनी साहेबाला तसं कळवून टाकलं. त्या घोळानंतर हे संध्याकाळी घरी आले की दिवसभरात कानावर पडलेले शब्द मला विचारत. नव्या नवऱ्याने बायकोकडून काही शिकावं हे मला फार अपूर्वाईचं वाटे, पण तसं दाखवायची सोय नव्हती. मी पोळी लाटता लाटता अर्थ सांगत असे आणि हे ते वहीत लिहून घेत.

पुलाविषयी थोडं सांगायला हवं. तो माझ्या आजोबांच्या लहानपणी बांधलेला. खांब काळ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले, आणि त्यांच्यावर लोखंडी गर्डर, म्हणजे मोठाल्या तुळया. बांधला तेव्हाची इंजिनं हलकी होती. पुढे इंजिनं दुप्पट जड झाली, मालगाड्या लांबल्या, आणि वरचं लोखंड थकलं. मी तिथे गेले तेव्हा प्रत्येक गाडी पुलाच्या तोंडाशी थांबायची. ड्रायव्हर खाली उतरून चौकीदाराच्या वहीत सही करायचा आणि मग माणसाच्या चालीने गाडी पलीकडे न्यायचा. जुने गर्डर काढून त्या जागी पोलादाचे नवे बसवायचे, गाड्यांची ये-जा बंद न करता, हे ते काम होतं. नदीत पाणी कमी असतानाच ते शक्य, म्हणून मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. साहेब आठवड्यातून दोनदा ट्रॉलीवर बसून जळगावाहून येत. ते इंग्रज होते, वयस्क, उन्हाने नाक सोललेले. त्यांना मी कधी आवाज चढवताना पाहिलं नाही.

दगडी खांबांना हात लावायचा नव्हता. सांध्यांतला चुना गेला असेल तिथे तो भरायचा, एवढंच. नकाशात प्रत्येक खांबाखाली एक जाड रेघ होती आणि रेघेखाली ‘खडक’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. यांनी मला ते एकदा बोट ठेवून दाखवलं होतं.

पिण्याच्या पाण्याची पंचाईत होती. स्टेशनाच्या विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही. म्हणून मी कळशी घेऊन नदीत उतरू लागले. तिथे मला अक्का भेटली.

अक्का पंचावन्नच्या आसपासची असेल. काटक बाई, कपाळ कोरं, लुगड्याचा काचा मारलेला, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. पावसाळा संपून नदी आटली की वाळवंटात टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावणारी जी माणसं असतात, त्यांतली ती. पुलाखालची वाडी तिच्या सासरच्यांकडे सासऱ्यांच्या वेळेपासून होती. नवरा कधीच गेलेला. एक मुलगी भडगावला दिलेली. अक्का आपली एकटी पौष-माघात वाळूत लांब चर खणायची, त्यात खत भरायची, बी लावायची आणि भोवती कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कुंपण घालायची.

मी वाहत्या पाण्यात कळशी बुडवणार तेवढ्यात तिने मला हाक मारली. वरच्या अंगाला म्हशी बसल्यात, हे पाणी नेऊ नको, असं तिचं म्हणणं. मी तिला अहिराणीत उत्तर दिलं तेव्हा ती खुरपं खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. वरच्या डब्यातली बामनीन आपल्यासारखं बोलते याचं तिला हसू आलं असावं. मग ती मला पाचव्या खांबाच्या पायथ्याशी घेऊन गेली आणि म्हणाली, इथे हाताने झिरा खण. झिरा म्हणजे वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा. मी खणू लागले. मनगट बुडेल एवढं खोल गेले असेन, तोच पाणी वर आलं. गार आणि गोड.

आठ-दहा दिवस मी तिथूनच पाणी भरलं. एकदा पाचव्या खांबाजवळ बैलगाड्या उभ्या होत्या, म्हणून मी चौथ्याच्या पायथ्याशी खणायला बसले. कोपरापर्यंत हात गेला तरी वाळू कोरडी. तिसऱ्याशी खणून पाहिलं, तिथेही तेच. मी अक्काला कारण विचारलं. तिने अगदी सहज सांगितलं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं.

“पाचव्या खांबखाले खडक नही शे, माय. तठे झरा शे. मनी सासूनी माले सांगेल शे.”

तिची सासू नवी नवरी असताना या पुलाच्या बांधकामावर वाळूच्या पाट्या वाहत होती. बाकीच्या खांबांना खडक लागला. पाचव्याला लागेना. बैल लावून मोटांनी पाणी उपसलं तरी खड्डा भरून यायचा. तेव्हाचा साहेब तापाने आजारी होऊन मुंबईला गेलेला, पावसाळा तोंडावर आलेला. शेवटी मुकादमांनी सातपुड्यातले सागाचे ओंडके बैलगाड्यांवरून आणवले, ते आडवे-उभे रचून खड्ड्यात बसवले आणि त्यांच्यावर दगडकाम चढवलं. साहेब परत आला तोवर खांब वाळूच्या वर आला होता. आजूबाजूच्या खेड्यांत पुढे बोलवा झाली की पाचव्या खांबाखाली माणसाचा बळी दिलाय. अक्का म्हणाली, “मानूस नही पुरेल तठे. साग पुरेल शे.” म्हणजे माणूस नाही, साग पुरलाय.

हे सगळं ऐकून मला गंमत वाटली, दुसरं काही नाही. घरी येऊन मी जेवण वाढताना यांना ती गोष्ट गोष्टीसारखीच सांगितली. यांचा हात ताटातच थांबला. मग हे जरा हसले. म्हणाले, नकाशा विलायतेत शिकलेल्या माणसांनी काढलेला आहे, आणि नदीत भोपळे लावणाऱ्या बाईच्या सासूवरून मी साहेबाकडे गेलो तर ते माझी रवानगी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे करतील. मी म्हटलं, भोपळे नाही, टरबुजं.  माझं त्याहून जास्त काही म्हणणं नव्हतं. मी फक्त एवढंच सांगितलं की मी स्वतः चौथ्या आणि तिसऱ्याशी खणून पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिडीवर बसून तांदूळ निवडत होते. खाली नदीत पाहिलं तर हे पाचव्या खांबाशी उभे, पाटलोण गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, आणि गँगमधले दोघे एक लांब लोखंडी सळई घणाने वाळूत ठोकत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी ती उपसली आणि चौथ्या खांबाशी नेली. चौथ्याशी ती थोडी खाली जाऊन थांबली. घणाचा आवाजच बदलला, मला वरपर्यंत ऐकू आला.

संध्याकाळी हे आले ते भिजलेले, चिखलाने माखलेले. चहा घेतला. मग मला म्हणाले, “तुझ्या अक्काला उद्या बोलावशील का? मला तिच्याशी बोलायचंय. तू मधे बसून सांग.”

सळई काही पुरावा नव्हती, हे मला यांनीच समजावलं. खांबाच्या बाजूला मऊ लागलं म्हणून खांबाखालीही मऊच असेल असं नाही. पण नवे गर्डर जड, त्यांच्यावरून जाणारी इंजिनं त्याहून जड, आणि पाया जर खडकावर नसेल तर खांब एखाद्या दिवशी खचेल. मग त्या वेळी त्याच्यावर गाडी असेल की नसेल हे कोणी सांगावं. अक्काशी बोलल्यावर हे दोन दिवस पुलाचे नकाशे पसरून बसले होते. जेवणाकडे लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांची ट्रॉली आली तेव्हा यांनी कोट चढवला आणि जाऊन सांगून टाकलं.

साहेबांनी यांना हाकलून दिलं नाही. त्यांनी विचारलं, ती बाई कुठे आहे?

तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. खांबाच्या सावलीत साहेब एका खोक्यावर बसले. समोर वाळूत अक्का, मांडी घालून. साहेब इंग्रजीत विचारत, हे मराठीत मला सांगत, मी डोक्यावरचा पदर सावरत अहिराणीत अक्काला विचारी. मग तीच वाट उलटी. अक्का एका प्रश्नाला लांबलचक उत्तर देई. त्यात सासूचा स्वभाव येई, त्या वर्षीचा दुष्काळ येई, बैलांची नावं येत. मी त्यातलं निम्मं यांना सांगे, हे त्याचं एक वाक्य करून साहेबांना सांगत. साहेब हुशार होते. ते एकदा यांना म्हणाले की ती एवढं बोलली आणि तुम्ही एवढंच सांगता, बाकीचं कुठे जातं? तेव्हापासून आम्ही सगळंच सांगायला लागलो, बैलांच्या नावांसकट.

शेवटी साहेबांनी विचारलं, तिला काही हवं आहे का? मी विचारलं. अक्काने त्यांच्या सोललेल्या नाकाकडे पाहिलं.

“त्याले सांग, टोपी नीट घाल, भाऊ. ऊन लागी जाई.”

मी ते यांना सांगितलं. यांनी साहेबांना सांगावं की नाही असा क्षणभर विचार केला, आणि सांगितलं. साहेबांनी टोपी पुढे ओढली.

पाचव्या खांबाच्या पायथ्याशी खणायचा हुकूम झाला. पाणी उपसायला इंजिनाचा पंप आला, मातीच्या गोण्यांचा बांध घातला. खणणाऱ्यांना पहिले चार दिवस दगडाशिवाय काही दिसलं नाही आणि हे घरी येऊन नुसते येरझारा घालत. पाचव्या दिवशी दगडकाम संपलं आणि त्याखाली लाकूड लागलं. सागाचे ओंडके, एकावर एक आडवे-उभे, पाण्याने काळेभोर झालेले. सुताराने तासणी मारली तर आतून पिवळं, ताजं लाकूड. पाण्याखाली हवा न लागल्यामुळे ते कुजलंच नव्हतं. सगळी गँग काम टाकून बघायला आली. हे खड्ड्यातून वर आले आणि सगळ्यांसमोर अक्काला हात जोडले. ती लाजली आणि तोंडावर पदर घेऊन बाजूला झाली.

लाकूड शाबूत होतं, पण त्याखाली चिकणमाती होती, खडक नव्हता. जुन्या इंजिनांना ते पुरलं, नव्यांना पुरेल याची हमी कोणी देईना. साहेबांनी ठरवलं की खांबाच्या पायाभोवती चहूकडून खोल खणून काँक्रीटचा रुंद वेढा द्यायचा. काम वाढलं. आणि त्या कामाला जागा लागणार होती ती पाचव्या खांबाभोवतीची. म्हणजे अक्काची वाडी.

हे माझ्या ध्यानात आलं ते यांनी जमिनीवर काठीने रेघ ओढून मुकादमाला हद्द दाखवली तेव्हा. रेघ पऱ्हाट्यांच्या कुंपणातून आरपार गेली. वेल चांगले पसरले होते, पिवळी फुलं येऊन गेली होती आणि लिंबाएवढी टरबुजं धरली होती. मी यांना विचारलं, दुसरी जागा नाही का? नव्हती. एका बाजूला धार होती, दुसऱ्या बाजूला गर्डर जोडायचे लाकडी मंच उभे होते. यांचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाले, तिला मी सांगतो. पण यांना तिच्या बोलीत सांगता येईना आणि ते काम माझ्यावर आलं.

मी खाली गेले. तिला आधीच कळलं होतं. ती वेलांवरची कोवळी फळं खुडून टोपलीत भरत होती.  मी तिच्या शेजारी बसून खुडू लागले.  मग माझ्याने राहवेना. मी विचारलं, अक्का, खांबाभोवती खणलं तर वाडी जाईल हे तुला तेव्हा सुचलं नव्हतं का? तू साहेबाला सांगितलं नसतंस तर या वर्षाचं पीक तरी हाती आलं असतं.

ती म्हणाली, “सुचनं व्हतं ना. पन गाडीमा मानसं बसतस, माय.”

एवढं बोलून ती पुढच्या वेलाकडे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला वाडगाभर भाजी आणून दिली. कोवळ्या टरबुजांची, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून केलेली. यांनी ती भाकरीबरोबर खाल्ली आणि वाडगा स्वतः घासून ठेवला. असं करताना मी यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तिनेच यांच्याकडे काम मागितलं. हे तिला पाणी पाजायच्या कामावर घेणार होते, सावलीत बसायचं काम. तिला ते नको होतं. “सासूनी वाळू वाही, मी बी वाहसू,” असं तिने मला सांगायला लावलं. मग ती उन्हाळाभर पाचव्या खांबाच्या पायाशी वाळूच्या पाट्या वाहत होती. दुपारच्या सुट्टीत डब्याच्या सावलीला येऊन बसायची. मला तेव्हा दिवस गेले होते आणि काही पोटात ठरत नव्हतं. ती मला मेहरूणच्या बोरांची वाळवून केलेली पूड आणून द्यायची, मिठाबरोबर चाटायला. आई जवळ नव्हती. तिने मला काय खावं, कुठल्या कुशीवर झोपावं, शिडीवरून कसं उतरावं हे सगळं सांगितलं. आमची शिडी तिला मुळीच पसंत नव्हती. तिच्या सांगण्यावरून यांनी सुताराकडून शिडीला कठडा बसवून घेतला.

चैत्र-वैशाखात गर्डर बदलायला सुरुवात झाली. नवा गर्डर आधी शेजारच्या लाकडी मंचावर जोडून तयार ठेवायचा. लाल तापलेले रिव्हेट, म्हणजे जाड खिळे, खालून वर फेकले जात आणि वरचा माणूस ते पत्र्याच्या भांड्यात झेलत असे. सकाळची एक गाडी गेली की दुपारच्या गाडीपर्यंत रूळ बंद. तेवढ्या वेळात जुना गर्डर एका बाजूला सरकवायचा आणि नवा त्याच्या जागी आणायचा. दोन खांबांमधला एक एक गाळा करत काम पुढे सरकलं. पाचव्या खांबावरचे दोन गाळे सगळ्यांत शेवटी ठेवले होते, काँक्रीट पक्कं व्हायला वेळ हवा म्हणून.

त्या शेवटच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं काठावर येऊन बसली होती. बायका भाकऱ्या बांधून आल्या होत्या. जुना गर्डर नीट सरकला. नवा मात्र निम्म्या वाटेत अडला. दोर ताणले, माणसांनी रहाट फिरवले, गर्डर हलेना. साहेब हातात घड्याळ धरून उभे होते. हे मंचावर पालथे पडून खाली डोकावले. घसरणीच्या फळीची एक ढलपी निघून आडवी बसली होती. सुतार दोराला लोंबकळत खाली उतरला आणि त्याने ती छिनीने काढली. मी काठावर बसून दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. मग गर्डर एकदम सुटला आणि हळूहळू सरकत आपल्या जागी जाऊन बसला. कोणी ओरडलं नाही. सगळे दमले होते.

गाडी आली ती वेळेवर. खांबावर आधीच एक खूण केली होती, आणि यांनी दुर्बिणीचं यंत्र लावून तिच्यावर डोळा ठेवला होता. खांब केसभर जरी खचला तरी त्यातून कळणार होतं. अक्का खाली खांबाला तळहात टेकून उभी होती. हे वरून बाजूला हो म्हणून हातवारे करत होते. ती हलली नाही. इंजिन आलं, पूल थरथरला, डब्यांमागून डबे गेले. हे यंत्रावरून उठले आणि साहेबांना काहीतरी म्हणाले. साहेबांनी टोपी काढली. मी वाळूतून जमेल तेवढ्या घाईने खाली गेले. अक्काने मला सांगितलं, “दगड थरथरना. खांब जागचा हालना नही.” दगड थरथरला, पण खांब जागचा हलला नाही. यांनीही साहेबांना तेच सांगितलं होतं.

मी बाळंतपणाला धुळ्याला गेले. त्या पावसाळ्यात गिरणेला मोठा पूर आला. चौथ्या दिवशी यांचं पत्र आलं. त्यात पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते होतं, पाचवा खांब ठीक आहे असं होतं, आणि शेवटी एक ओळ, ‘तुझी अक्का रोज येऊन तुझी खुशाली विचारते, मी आता तिला तिच्या बोलीत उत्तर देतो.’ काय उत्तर देत असतील देव जाणे.

मुलगी चार महिन्यांची झाल्यावर मी परत आले. खांबांचे सांधे चुन्याने भरायचं काम अजून उरलं होतं. अक्काने त्या वर्षी सातव्या खांबाजवळ वाडी लावली. तिथे पाणी खोल, दोन्ही वेळेला घागरींनी घालावं लागे. टरबुजं झाली, पण पहिल्यासारखी नाहीत, असं तीच म्हणायची. मला फरक कळला नाही. हे रोज संध्याकाळी कामावरून परतताना गँगमधली दोन माणसं तिच्या पाण्याला पाठवत, आणि एकदा मी यांनाच खांद्यावर घागर घेतलेलं पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात बोलता बोलता मला कळलं की अक्का जन्मात आगगाडीत बसलेली नाही. भडगावला लेकीकडे ती चालत जायची. मी यांना सांगितलं आणि यांनी तिला आमच्याबरोबर जळगावच्या बाजाराला न्यायचं ठरवलं. तिने धुवट लुगडं नेसलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि बाकावर न बसता डब्यात खालीच बसली. गाडी सुटली. ती मुलीशी बोलण्यात गुंगलेली. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, पूल केव्हा येणार? मी म्हटलं, अक्का, पूल मागे गेला. आता गाडी पुलाशी थांबत नव्हती की हळू होत नव्हती. पुलावरचा खडखडाट तिने ऐकला होता, पण गाडी अशीच वाजत असेल असं तिला वाटलं. आधी ती रुसली. मग तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मुलगीही तिच्याकडे बघून हसायला लागली.

परत येताना आम्ही तिला खिडकीशी उभं केलं. हे बाहेर बघून सांगत होते आणि मी तिचा हात धरला होता. पूल आला. तिने खाली पाहिलं. वाळू, धार, तिची हिरवी वाडी, कुंपण, सगळं क्षणात गेलं. ती हळूच म्हणाली, “बठ्ठं एवढंसंच शे का?” सगळं एवढंसंच आहे का, असं विचारून ती स्टेशन येईपर्यंत मागे वळून बघत राहिली.

पुढच्या वर्षी आमची भुसावळला बदली झाली. त्यानंतर यांनी पुष्कळ पुलांवर कामं केली. नव्या जागी गेल्यावर हे आधी नदीत कोण राबतं याची चौकशी करत आणि मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे जात. भाषा कळो न कळो, मी जावंच असा यांचा आग्रह असे. काही वर्षं चैत्रात अक्का ओळखीच्या गार्डाबरोबर आमच्याकडे टरबूज पाठवायची, पानात गुंडाळून, सुतळीने बांधून. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास ते येणं थांबलं. हे मुद्दाम तिकडे जाऊन चौकशी करून आले. ती लेकीकडे भडगावला राहायला गेली होती. तब्येत चांगली होती आणि तिथेही तिने नदीत चर खणले होते.